कन्सोल ५२ अब्ज, पीसी ४३ अब्ज... मग भांडण नक्की कशावरून?

आकडेमोड (धागाकर्ता)

परवा रात्री एका मित्राशी फोनवर जुंपली. विषय नेहमीचाच, गेम पीसीवर खेळायचे की कन्सोलवर (टीव्हीला जोडायचं प्लेस्टेशन-एक्सबॉक्ससारखं यंत्र). तो कट्टर कन्सोलवाला, त्याच्या मते पीसी गेमिंग म्हणजे चार हौशी लोकांनी रंगीत दिव्यांच्या डब्यासमोर बसून स्वतःचीच पाठ थोपटायची, खरा पैसा कन्सोलमध्ये. मी म्हटलं काहीही हं, आणि तावातावाने आकडे शोधायला बसलो. आता दोघंही गप्प आहोत.

न्यूझू ही गेमबाजाराचे आकडे काढणारी संस्था, तिचा २०२४ सालचा अंदाज असा : जगभरात लोकांनी गेम्सवर साधारण १८८ अब्ज डॉलर खर्च केले. त्यातले ९२-९३ अब्ज मोबाइलवर. कन्सोलवर साधारण ५२ अब्ज, पीसीवर साधारण ४३ अब्ज. म्हणजे आम्ही दोघं एकमेकांच्या झिंज्या उपटत होतो आणि निम्मं ताट तिसराच उचलून घेऊन गेला. असो, मोबाइलवर वेगळा धागा काढा कुणीतरी, इथे नको.

आता माझी खरी अडचण. मित्र बरोबर निघाला, कन्सोल पुढे आहे. पण त्याच अंदाजात कन्सोल जवळपास १ टक्का घसरलेला आणि पीसी ४ टक्के वाढलेला. आणि दुसरं म्हणजे पीसीवर लोक पैसे देतात कुठे? निम्मे गेम फुकट, उरलेले सेलची वाट बघत विशलिस्टमध्ये पडलेले, पायरसी आहे ती आहेच. कन्सोलवाला बिचारा ७० डॉलरला नवीन गेम घेतो, वर ऑनलाइन खेळायची वर्गणी वेगळी भरतो. एवढं असूनही फरक फक्त नऊ अब्जांचा? कुठेतरी घोडं पेंड खातंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा, आणि कृपया "माझ्या मशीनवर १२० एफपीएस मिळतात" वगैरे नको, फक्त पैशाचं बोला.

कंट्रोलर काका

धागा चांगला आहे पण शेवटच्या परिच्छेदात तू स्वतःच उत्तर दिलंयस बघ. कन्सोलचा धंदा हा टोलनाक्याचा धंदा आहे. रस्ता त्यांचा, नाका त्यांचा, त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडून पावती. डिजिटल दुकान एकच, त्यात विकलेल्या प्रत्येक गेममागे साधारण ३० टक्के कन्सोलवाल्याचे. गेममधला पोशाख घ्या, नाणी घ्या, सीझन पास घ्या, तिथेही ३० टक्के. ऑनलाइन खेळायचंय? वर्गणी भरा. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सने हे २००२ मध्ये सुरू केलं, सोनीने पीएस४ (प्लेस्टेशन ४) बरोबर २०१३ मध्ये. मार्च २०२३ ला प्लेस्टेशन प्लस या सोनीच्या वर्गणीचे ४ कोटी ७४ लाख वर्गणीदार होते, आता करा हिशोब.

आणि हे काही लुटायचं म्हणून आलेलं नाही, त्याला इतिहास आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत कन्सोलचा बाजार कोसळला, कारण अटारीवर कुणीही उठून काहीही भिकार गेम काढून विकत होता. त्यानंतर निन्टेन्डो आली ती कुलूप घेऊनच. मशीनमध्ये लॉकआउट चिप, परवान्याशिवाय कार्ट्रिज चालणारच नाही, आणि एका कंपनीने वर्षाला पाचच गेम काढायचे असा नियम. तेव्हापासून हा नाका उभा आहे. लोकांनी आनंदाने पैसे दिले कारण डबा लावला की गेम चालतो. ड्रायव्हर शोधत बसावं लागत नाही.

पीसीला असा मालकच नाही. बिनमालकाच्या शेतात पीक किती येणार.

उंदीरमामा

काका नमस्कार, तुमचं ते बिनमालकाचं शेत वाचून हसू आलं. मालक आहे हो, फक्त तो ताकास तूर लागू देत नाही. पीसी गेम्सचं स्टीम हे ऑनलाइन दुकान चालवणारी व्हॉल्व्ह ही खासगी कंपनी आहे, शेअर बाजारात नाही, त्यामुळे स्टीमने किती कमावले हे जाहीर करायचं त्यांच्यावर बंधनच नाही. सोनी-निन्टेन्डो दर तिमाहीला ताळेबंद मांडतात म्हणून तुम्हाला त्यांचा पैसा दिसतो. (मायक्रोसॉफ्ट पण साधी नाही, २०१५ पासून एक्सबॉक्स किती खपले ते सांगणंच बंद केलं, यातच काय ते समजा.)

एका कोर्टकेसच्या कागदांतून बाहेर आलं की २०२१ मध्ये व्हॉल्व्हमध्ये एकूण ३३६ माणसं होती आणि त्यातली स्टीमवर काम करणारी ७९. एकोणऐंशी!! आणि त्यांच्या दुकानात मार्च २०२५ मध्ये एका वेळी ४ कोटी लोक ऑनलाइन होते. टोलनाकाच म्हणायचं तर हा बघा, नाक्यावर खुर्ची टाकून एक माणूस झोपलाय आणि पेटी आपोआप भरतेय.

शिवाय इथे ऑनलाइन खेळायची वर्गणी शून्य. दहा वर्षांपूर्वी घेतलेला गेम नवीन मशीनवर चालतो. तुमच्याकडे पीएस३ चे गेम पीएस५ वर टाकून दाखवा बरं.

कंट्रोलर काका

झालं, बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी (जुने गेम नव्या मशीनवर) आली. धागाकर्त्याने काय सांगितलंय वर? फक्त पैशाचं बोला मामा.

नवखी

एक बाळबोध प्रश्न, हसू नका. हे ५२ आणि ४३ अब्ज धरताना मशीनची किंमत त्यात धरलीये का? म्हणजे कन्सोल विकत घेतला तो खर्च, ग्राफिक्स कार्ड घेतलं तो खर्च, ते सगळं मिळून की फक्त गेम्सचे पैसे?

जमाखर्च

नवखी, हसण्यासारखं काही नाही, अख्ख्या धाग्यातला कामाचा प्रश्न तूच विचारलास. यंत्रं त्यात धरलेली नाहीत. न्यूझूचा आकडा म्हणजे खेळणाऱ्याने गेम्स, गेममधल्या खरेद्या आणि वर्गण्या यांवर केलेला खर्च. आणि घोडं तिथेच पेंड खातंय.

मी हिशोब तपासणारी बाई आहे, गेम रात्री जेमतेम तासभर खेळते, त्यामुळे मला हे सगळं दोन वह्यांसारखं दिसतं. कन्सोलवाल्यांच्या धंद्याला मराठीत छान शब्द आहे, आवळा देऊन कोहळा काढणे. मशीन स्वस्तात द्यायची, प्रसंगी तोटा खाऊन, आणि पुढची सहा-सात वर्षं गेम्समधून वसूल करायचं. ही ऐकीव गोष्ट नाही, २०२१ मध्ये एपिक (फोर्टनाइट गेमवाली कंपनी) विरुद्ध ॲपल खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी बाईंनी शपथेवर सांगितलं की एक्सबॉक्सच्या मशीनविक्रीवर त्यांनी कधीच नफा कमावलेला नाही. पुढच्या वर्षी एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी मशीनमागे १०० ते २०० डॉलर आपण पदरचे घालतो असं जाहीरपणे सांगितलं. सोनीचा पीएस५ नोव्हेंबर २०२० मध्ये ४९९ डॉलरला आला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने सांगितलं की आता त्यावर तोटा होत नाही, म्हणजे तोवर होत होता. (निन्टेन्डो यात बसत नाही, ती सहसा मशीन नफ्यातच विकते, जुनी साधी चिप वापरून.)

आता पीसीची वही उघडा. इथे यंत्र विकणारा गेम विकत नाही, म्हणून तो पदरचा एक डॉलर घालत नाही. ग्राफिक्स कार्डवाला, रॅमवाला, मॉनिटरवाला, जो तो आपापला नफा जागच्या जागी घेऊन मोकळा. ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाची नुसती गेमिंग विभागाची विक्री जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात ११ अब्ज डॉलरच्या वर होती. आणि हे एकट्या कंपनीचं, त्यातही निन्टेन्डोला जाणारी चिप धरलेली असते, ती गंमत वेगळी. यातला एक पैसाही त्या ४३ अब्जांत नाही.

म्हणजे दोघांच्या खिशातून बहुतेक तेवढेच जातात. कन्सोलवाला मशीनला कमी देतो आणि गेमला जास्त. पीसीवाला यंत्रावर आधीच पाकीट रिकामं करून बसतो आणि मग सेलमध्ये पाच डॉलरच्या गेमवर दोन दिवस विचार करतो. गेम्सचाच खर्च मोजणाऱ्या तक्त्यात पहिला श्रीमंत आणि दुसरा कंजूष दिसणारच.

उंदीरमामा

ताई दंडवत. "पाकीट रिकामं करून पाच डॉलरवर दोन दिवस विचार" हे वाचून मागे वळून बघितलं, घरात कॅमेरा लावलाय का काय.

आकडेमोड

जमाखर्च ताई, प्रतिसाद छापून त्या मित्राला पाठवतो. पण एक उलटं उदाहरण सापडलं, ते बघा. फोर्टनाइट. फुकट गेम, पीसीवर आहे, कन्सोलवर आहे, मोबाइलवर आहे, सगळीकडे तोच गेम तोच पोशाख तीच किंमत. यंत्राचा खर्च वगैरे काढून टाका, इथे नुसती खिशात हात घालायची सवय मोजता येते. त्याच एपिक-ॲपल खटल्यातले कागद सांगतात की मार्च २०१८ ते जुलै २०२० मध्ये फोर्टनाइटच्या कमाईतला ४६.८ टक्के वाटा एकट्या पीएस४ चा आणि २७.५ टक्के एक्सबॉक्स वनचा. दोन कन्सोल मिळून जवळजवळ पाऊण हिस्सा! आयफोन-आयपॅड सगळं मिळून ७ टक्के. आणि पीसी उरलेल्या जेमतेम १९ टक्क्यांत निन्टेन्डो स्विच-अँड्रॉइडबरोबर दाटीवाटीने उभा.

म्हणजे सोफ्यावर बसलेला माणूस जास्त पटकन पैसे सोडतो हे खरं दिसतंय. कार्ड आधीच जोडलेलं असतं, वॉलेटमध्ये गिफ्ट कार्डाची शिल्लक असते, बटण दाबलं की झालं.

आणि यातली चलाखी पुढे आहे. त्याच कागदांत सोनीची क्रॉसप्लेची (वेगवेगळ्या मशीनवरच्यांनी एकत्र खेळायची) अट निघाली. समजा एखादा खेळाडू खेळतो जास्त प्लेस्टेशनवर पण पैसे भरतो दुसरीकडे, पीसीवर वगैरे, तर त्या फरकाची भरपाई गेमवाल्याने सोनीला द्यायची. माणूस आमच्या अंगणात खेळला ना, मग त्याने शेजारच्या दुकानात केलेल्या खरेदीतही आमचा वाटा. हे वाचल्यावर मला काकांचा टोलनाका फार सौम्य शब्द वाटायला लागला.

कंट्रोलर काका

वा वा, पहिल्यांदाच कुणीतरी आकडा घेऊन माझ्या बाजूने बोललं आणि शेवटी वळून मलाच चिमटा काढला.

उंदीरमामा

फोर्टनाइट हे एकच उदाहरण, त्यावर सगळ्या बाजाराची कुंडली मांडू नका. गेम बदलला की उत्तर बदलतं. सायबरपंक २०७७ घ्या, डिसेंबर २०२०. प्रीऑर्डर ८० लाखांवर, त्यातल्या ५९ टक्के पीसीवर, हे तो बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्टने स्वतः सांगितलेलं. आणि प्रीऑर्डर म्हणजे अजून गेम कसा आहे कुणी बघितलेलंच नाही, जुन्या कन्सोलवर त्याची जी दाणादाण उडाली आणि सोनीने आठवड्याभरात दुकानातून काढला ते नंतरचं. फुटबॉल, बास्केटबॉल, कॉल ऑफ ड्यूटी म्हटलं की कन्सोल. स्ट्रॅटेजी, एमएमओ (हजारोंनी एकत्र ऑनलाइन खेळायचे), शेती, कारखाने, एका माणसाने बनवलेलं काहीतरी विचित्र म्हटलं की पीसी.

शेतीवरून आठवलं, स्टारड्यू व्हॅली. एका माणसाने एकट्याने बनवला, फेब्रुवारी २०१६ मध्ये आधी पीसीवर, मग वर्षअखेरीला कन्सोलवर. डिसेंबर २०२४ पर्यंत ४ कोटी १० लाख प्रती, त्यातल्या २ कोटी ६० लाख पीसीवर. हा गेम पंधरा डॉलरचा आहे आणि सेलमध्ये त्याहून कमी. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते हे.

रात्रपाळी

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहितोच, बिल्ड (कोडवरून गेमची चालती प्रत) व्हायला अजून चाळीस मिनिटं आहेत. मी एका लहान टीममध्ये आहे, पाच माणसं. आमचा गेम आधी पीसीवर आला आणि मग आम्ही तो कन्सोलवर नेला, कुठल्या ते विचारू नका, करारात बोलायची मुभा नाही.

वर सगळे एकूण कमाईबद्दल बोलताय, पण बनवणाऱ्याला एकूण कमाईशी काय करायचंय, हातात काय उरलं ते बघायचं. वाटा दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. स्टीम ३० टक्के घेतं, एक कोटी डॉलरच्या वर विक्री गेली की २५ आणि पाच कोटींच्या वर २०, म्हणजे सवलत ज्यांना तिची गरज नाही त्यांना. एपिकच्या दुकानात फार तर १२ टक्के पण तिथे गर्दी नाही. कन्सोलवर ३०. तर फरक टक्क्यांत नाही, फरक आहे दारातून आत जाण्यात.

पीसीवर गेम टाकायचा म्हणजे शंभर डॉलर फी, थोडे फॉर्म, बस. कन्सोलवर सर्टिफिकेशन, म्हणजे कन्सोल कंपनीची तपासणी. आमची पहिली फेरी कशावर नापास झाली सांगतो. गेममध्ये सुरुवातीलाच एक कटसीन (नुसता बघायचा प्रसंग) आहे, म्हातारी दार उघडते आणि पाऊस दिसतो, अकरा सेकंदांचा. त्या अकरा सेकंदांत कंट्रोलरची बॅटरी संपली तर गेमने थांबून "कंट्रोलर पुन्हा जोडा" असं म्हणायला हवं असतं. आमचा गेम इतर सगळीकडे थांबायचा, नुसत्या त्या कटसीनमध्ये थांबत नव्हता, म्हातारी बिनधास्त दार उघडून उभी. तपासणाऱ्याने नेमकी तिथेच बॅटरी काढली. नापास. आम्ही दुरुस्त केलं, पुन्हा रांगेत. दुसऱ्या वेळी सेव्ह होत असताना मशीन झोपवली आणि उठवली तर आवाज परत येत नव्हता. पुन्हा नापास. तिसऱ्यांदा पास झालो तेव्हा ठरलेली तारीख गेली होती, आणि त्या आठवड्यात एक मोठा गेम आला त्याच्या पायाखाली आम्ही गेलो.

पीसीवर रात्री दीडला बग सापडला तर दोनला पॅच वर गेलेला असतो. कन्सोलवर तोच पॅच पुन्हा तपासणीतून. तेवढ्यात लोक एक तारा देऊन मोकळे.

तरीही, आणि हे उंदीरमामांसाठी, कन्सोलवर आमचा गेम पूर्ण किमतीला जास्त खपला. पीसीवर पहिल्या आठवड्यानंतर विक्री हलते ती सेल लागला की, विशलिस्टवाल्यांना मेल जातो आणि आलेख उभा राहतो, सेल संपला की परत झोपतो. पण तो आलेख अजून, इतक्या वर्षांनी, प्रत्येक सेलला उठतो. कन्सोलवरचा आता उठत नाही, दुकानाच्या पहिल्या पानावर जागा नसेल तर तिथे तुम्ही नाहीच.

आणि एक वाईट पण सांगतो नाहीतर सगळे उद्यापासून स्टीमवर गेम टाकायला निघाल. २०२४ या एका वर्षात स्टीमवर अठरा हजारांच्या वर नवीन गेम आले. दिवसाला पन्नास. १९८३ मध्ये अटारीचं जे झालं म्हणून काका सांगतायत ते पीसीवर रोज होतं, फक्त बाजार कोसळत नाही, आमच्यासारखे बुडतात.

नवखी

रात्रपाळी, म्हातारीचं वाईट वाटलं. आता पुढच्या वेळी मी कुठलाही गेम घेतला की पहिल्या कटसीनमध्ये बॅटरी काढून बघणार आहे.

नकाशा

एवढ्या प्रतिसादांत कुणी भूगोल काढलाच नाही. पीसी मोठा का याचं अर्धं उत्तर चीनमध्ये आहे. २००० साली तिथल्या सरकारने कन्सोल विकायला बंदी घातली, मुलं बिघडतात म्हणून, आणि ती २०१४ मध्ये सैल झाली, २०१५ मध्ये देशभर उठली. म्हणजे पूर्ण एक पिढी कन्सोल न बघता मोठी झाली, सायबर कॅफेत पीसीवर आणि नंतर फोनवर. दक्षिण कोरियात पण तेच, १९९७ च्या आर्थिक संकटानंतर पीसी बांग (तिथले गेमिंग कॅफे) उभे राहिले, तासावर पैसे द्या आणि खेळा. अशा ठिकाणी गेम विकत घ्यायची पद्धतच रुजली नाही, गेम फुकट आणि आतला माल विकत, लीग ऑफ लेजंड्स वगैरे त्याच वळणाचे.

ऑगस्ट २०२४ मध्ये ब्लॅक मिथ वुकाँग आला, चिनी कंपनीचा, पूर्ण किमतीचा, एकट्याने खेळायचा. स्टीमवर एका वेळी २४ लाखांच्या वर लोक, तीन दिवसांत सगळं मिळून एक कोटी प्रती. पीएस५ वर पण त्याच दिवशी आला होता, पण बातमी स्टीमची झाली. लोक पैसे देत नाहीत असं नव्हतं, त्यांच्यासाठी दुकानात काही नव्हतं.

जपानमध्ये अगदी उलट, तिथे कन्सोलच, आणि त्यातही निन्टेन्डो. त्यामुळे "जगात" कोण पुढे हा आकडा म्हणजे वेगवेगळ्या सवयींची सरासरी आहे, नदीची सरासरी खोली काढून पोहायला उतरण्यासारखं.

कंट्रोलर काका

मुद्दा मान्य. पण मग मला सांगा, पीसी एवढा फायद्याचा तर मोठे गेम आजही कन्सोल समोर ठेवून का बनवतात? जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) ६ बघा, पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी जाहीर केला, पीसीचं नावच नाही.

जमाखर्च

काका, कारण एकच ठरलेलं यंत्र समोर असेल तर खर्च आटोक्यात राहतो. पण आता तोही राहत नाहीये. २०२३ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ही गेम कंपनी विकत घ्यायच्या सौद्याच्या सुनावणीत सोनीने कागद दिले होते, गुप्त आकडे काळ्या मार्करने खोडून. कुणीतरी ते स्कॅन केले आणि मार्करखालचं सगळं वाचता आलं! इतकी मोठी कंपनी आणि गुपित राखायला एक मार्कर. तर त्यात निघालं की द लास्ट ऑफ अस पार्ट टूला २२ कोटी डॉलर लागले आणि होरायझन फॉरबिडन वेस्टला २१ कोटी २० लाख. जाहिरात वेगळी.

आता एका गेमला २२ कोटी घातले की तो एकाच प्रकारच्या डब्यात बंद ठेवणं परवडतं का, हा साधा वहीतला प्रश्न आहे. म्हणून होरायझनचा पहिला भाग ऑगस्ट २०२० मध्ये पीसीवर आला, मग एकेक करत बाकीचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये हेलडायव्हर्स २ तर सोनीने पीएस५ आणि पीसी दोन्हीकडे एकाच दिवशी काढला आणि बारा आठवड्यांत एक कोटी वीस लाख प्रती गेल्या. मे महिन्यात त्यांनी पीसीवाल्यांवर प्लेस्टेशनचं खातं उघडायची सक्ती करायला घेतली, लोकांनी स्टीमवर वाईट शेऱ्यांचा पाऊस पाडला, तीन दिवसांत माघार. नाक्याची सवय, दुसऱ्याच्या रस्त्यावरही पावतीपुस्तक घेऊन उभे राहिले.

आणि आवळ्याचं पण आता पूर्वीसारखं राहिलं नाही. पूर्वी कन्सोल जुना झाला की स्वस्त व्हायचा. पीएस५ पाच वर्षांचा होत आला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत ४९९ चा ५४९ झाला. आवळा महाग झाला तर लोक कोहळ्याचा हिशोब करायला लागतात, आणि व्हॉल्व्हने नोव्हेंबर २०२५ मध्ये टीव्हीखाली ठेवायची स्टीम मशीन पुन्हा जाहीर केली ती उगाच नाही. आधीची आपटली होती, २०१५ मध्ये. तेव्हा लिनक्सवर चालणारे गेमच मोजके होते, आता स्टीम डेकमुळे (व्हॉल्व्हचं हातात धरून खेळायचं यंत्र) तो प्रश्न बराच सुटलाय. पण व्हॉल्व्हलाही मशीन तोट्यात देणं अवघड आहे, कारण तिच्यावर कुणी विंडोज टाकून ऑफिसचं काम केलं तर कोहळा कुठून येणार?

उंदीरमामा

म्हणजे काकांच्या टीव्हीखाली पीसी आणि माझ्या टेबलावर प्लेस्टेशनचे गेम. छान, आता भांडायचं कशावरून.

काका, जीटीएचं मात्र सांगतो. पीसीवर येणार नाही असं नाही, उशिरा येतो. जीटीए ५ सप्टेंबर २०१३ मध्ये पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला, तीन दिवसांत एक अब्ज डॉलर. पीएस४ वर नोव्हेंबर २०१४. पीसीवर एप्रिल २०१५, दीड वर्षाच्या वर वाट बघायला लावली. आणि नंतर पीएस५ वर २०२२ मध्ये. वीस कोटींच्या वर प्रती खपल्या आहेत त्याच्या, त्यातल्या किती एकाच माणसाने परत परत घेतल्या देव जाणे.

कंट्रोलर काका

...

बरं, इथे सगळे आपलेच आहेत म्हणून सांगतो. मी जीटीए ५ पीएस३ वर घेतला. मग पीएस४ वर, कारण गवत चांगलं दिसतं म्हणे. मग भाच्याने मॉड (खेळणाऱ्यांनीच गेममध्ये केलेले फेरफार) दाखवले, एक माणूस बसच्या टपावर उभा राहून शहरभर उडत होता, तर पीसीवर. सेलमध्ये घेतला, पण घेतला.

उंदीरमामा

काका!!!!!!!!

नवखी

काका आणि पीसी?? हा धागा वर आणा कुणीतरी

कंट्रोलर काका

भाच्याचा पीसी आहे. कीबोर्डला मी हात लावत नाही, कंट्रोलर जोडूनच खेळतो.

आकडेमोड

काका, मित्राला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला की त्याच्याकडेही स्टीमचं खातं आहे, २०१८ पासून, "फक्त एका गेमसाठी" काढलेलं. मी विचारलं लायब्ररीत किती आहेत, तर फोन ठेवला.

जमाखर्च ताई, एक माणूस दोन्ही रकान्यांत असेल तर तो कसा धरतात?

जमाखर्च

खेळाडू दोनदा मोजला जातो. पैसे मात्र ज्याच्या त्याच्या वहीत बरोबर पडलेले असतात.

रात्रपाळी

बिल्ड झाला. म्हाताऱ्याचा नवीन कटसीन आहे, चौदा सेकंदांचा. बॅटरी काढून बघतो.